लाल दिसेनासं झालं तेव्हा

जांभूळ मी आता खात नाही. कोणी पुढे केलं की घसा धरतो असं सांगते आणि वेळ मारून नेते. एवढ्याशा फळावर एवढा राग कशाला, असं लोकांना वाटतं. वाटू दे. त्या फळानं शेवटच्या वर्षी माझ्या बाबांना जेवढं सुख दिलं तेवढं आम्ही कोणी दिलं नाही, आणि राग त्याचाच आहे.

बाबा कापसाचे ग्रेडर होते. वणीच्या खरेदी केंद्रावर हंगामात गाड्यांची रांग लागायची आणि बाबा एकेका गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढायचे. वरचा बघायचाच नाही, कारण वरचा सगळेच चांगला ठेवतात. मूठभर कापूस उन्हात धरायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा तुटेपर्यंत ओढायचा आणि प्रत सांगून टाकायची. डागी कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. ती बाबांच्या नजरेतून कधी सुटली नाही. वणीत दिवसभर कोळशाचे ट्रक धावतात, त्यांची धूळ उभ्या गाड्यांवर बसते. अळीचा डाग कोणता, दवाचा कोणता आणि कोळशाचा कोणता, हे ते चार हातांवरून सांगत. त्यांना आपल्या डोळ्यांचा अभिमान होता आणि आम्हालाही होता. नवीन साडी आणली की आई आधी ती बाबांपुढे धरायची, रंग टिकेल की जाईल ते विचारायला.

ते निवृत्त झाले तोवर केंद्राची रया गेली होती. गाड्या खाजगी व्यापाऱ्यांकडे वळल्या होत्या, आवारात गवत माजलं होतं. वाईट वर्षं होती ती. मी तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. खेड्यावरची मुलं दिवाळीनंतर वर्गात येईनाशी व्हायची, आणि का येत नाहीत हे विचारायचा धीर मला होत नसे. पेपरच्या पहिल्या पानावर रोज आपल्याच जिल्ह्यातलं एखादं गाव असायचं, जीव दिलेल्या एखाद्या शेतकऱ्याचं. मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या भरून यायची, फोटो काढून जायची.

अशा दिवसांत बाबांना संडासातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून त्यांनी बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी आईनं हट्ट धरला आणि उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही त्यांना नागपूरला नेलं. सर्जननं तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला मला समोर बसवून सांगितलं, मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाला कॅन्सरची गाठ आहे. लवकर ऑपरेशन केलं तर आशा आहे. पण गाठ इतकी खाली आहे की तो भाग काढून टाकावा लागेल आणि पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावावी लागेल. कायमची.

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी आजाराबद्दल एक शब्द विचारला नाही. परतीच्या बसमध्ये वरोरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पिशवी लागली तं महालक्ष्म्यांची पूजा कोण करन?"

हसायचं की रडायचं मला कळेना. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. विदर्भात ज्या घरी त्या बसतात त्या घराचं सगळं वर्ष त्या तीन दिवसांभोवती फिरतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणाची आरास, गल्लीभर माणसं जेवायला. पूजा घरातल्या पुरुषानं सोवळ्यात करायची. बाबांना भाऊ नव्हता, मुलगा नव्हता, मी एकुलती एक. पोटावर घाण बांधून देवीपुढे बसणं त्यांच्या डोक्यातच मावत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, देवीला माणूस जिवंत लागतो." ते म्हणाले, "तुले नाही समजत." तिथे बोलणं संपलं.

ऑपरेशनची तारीख घ्यायची म्हणून मी रोज मागे लागायचे आणि ते रोज उद्यावर ढकलायचे. भेटायला येणारे लोक धीर द्यायचे तोही असा की अंगाची आग व्हावी. "तुमचं तरी बरं आहे काका, वय झालं. आमच्या गावात तं जवान पोट्टे चालले." खरंच होतं ते, त्यांना काय बोलणार? जिल्ह्यात तेव्हा मरणाच्याही प्रती लागल्या होत्या, कोणतं सरकारी मदतीला पात्र नि कोणतं अपात्र, आणि बाबांचं दुखणं त्यातल्या एकीतही बसत नव्हतं. आमच्याकडे कोणी गाड्या भरून येणार नव्हतं. मला राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची.

मग ती बातमी आली. पेपरच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात. जांभूळ आणि तसल्या गडद फळांना जो जांभळा रंग असतो, तो काढून प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला तर त्यांची वाढ थांबते, बऱ्याचशा मरतात, अशी चार ओळींची बातमी. बाबांनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली. मग चष्मा काढून म्हणाले, "हा रंग तूच शिकवते नं पोरांले?"

शिकवत होते. दर वर्षी जांभळाची सालं कुटून, गाळणकागदाच्या पट्ट्यांवर तो रंग चढताना मुलांना दाखवत होते. म्हणून मी बाबांना समजवायला बसले. म्हटलं, त्या पेशी काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या असतात. त्यांच्यावर शुद्ध रंग थेट ओततात. बशीत मरणं सोपं आहे, तिथे कशानंही मरतात. आपण जांभूळ खातो तेव्हा पोटात त्या रंगाची मोडतोड होते, रक्तात तर नावापुरता पोचतो.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रक्तात कायले जाते? माह्यी गाठ आतड्यात आहे. खाल्लेलं तिथूनच जाते नं? तं बशीतल्यासारखाच रंग तिच्यावर पडन."

वाईट म्हणजे, शास्त्रज्ञही नेमका असाच विचार करतात हे मला माहीत होतं. आतडं ही अशी जागा आहे की न पचलेला रंग तिथे खरंच पोचतो. पण पोचणं वेगळं आणि गाठ मरणं वेगळं, मधे किती तरी गोष्टी आहेत, आणि त्यातल्या कोणत्याच अजून कोणी नीट पार केलेल्या नाहीत. हे सगळं मी म्हणाले. पण "अजून" हा शब्द आजारी माणसाच्या कानाला वेगळा ऐकू येतो.

आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "त्या बशीतल्या पेशी कोनाच्या वो?"

म्हटलं, कोणा तरी बाहेरदेशीच्या रोग्याच्या. तो माणूस कधीचाच गेला, पण गाठीतल्या पेशी वाढवत ठेवल्या आहेत, जगभर वापरतात.

आईचे हात थांबले. "म्हंजे मानूस गेलं अन् रोग तेवढा जिता ठेवला?" तिनं सूप उचललं आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मृगाच्या सुमाराला झरी जामणीकडून एक कोलाम आदिवासी बाई सकाळच्या बसनं जांभळांची टोपली घेऊन वणीला यायची. बाबांनी तिला घरचाच रतीब लावला. आणि मग आमच्या ओसरीवर पुन्हा एकदा खरेदी केंद्र सुरू झालं. दुसरा शब्द नाही. बाबा पांढरं धोतर अंथरत, टोपलीच्या तळाशी हात घालून आधी खालची बघत, मग सगळी जांभळं त्यावर ओतत. एकेक फळ औषधाच्या कापसावर दाबून त्याचा डाग उन्हात धरत. डाग काळपट जांभळा आला तर पहिली प्रत. तांबूस आला तर दुसरी. मोठी, गोड, दिसायला देखणी जांभळं बाद, कारण त्यांच्यात गर फार आणि रंग कमी. जंगलातली बारकी, बीच जास्त असलेली जांभळं त्यांना हवी असत. ती बाई हसून लोटपोट व्हायची. "दादा, लोक मोठे निवडते, तुम्ही काहून बारके निवडता?" बाबा तिला गंभीरपणे समजावून सांगत. निवृत्तीनंतर इतकं ताठ बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

एकदा आईनं सरबत केलं आणि तुरटपणा जावा म्हणून चिमूटभर सोडा टाकला. सरबत क्षणात मळकट निळं झालं. औषध नासलं म्हणून बाबा घाबरले, आईचे डोळे भरले. मी लिंबू पिळलं आणि ते पुन्हा लालबुंद झालं. माझ्या वर्गातली सगळ्यात जुनी गंमत आहे ही. बाबांनी टाळी वाजवली. "पाह्यलं? माह्यी पोरगी!" इतकं कौतुक मला माझ्या नोकरीनं कधी मिळवून दिलं नव्हतं. त्या दिवशी ऑपरेशनचा विषय मी काढला नाही, काढवला नाही.

आषाढ लागता लागता एका सकाळी आई माझ्या खोलीत आली. चेहरा इतका उजळलेला की मी उठून बसले. "ऐक वो, तुह्या बाबाचं लाल बंद झालं."

बाबा ओसरीवर वाट बघत होते. असल्या गोष्टी त्यांनी माझ्याशी आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या, पण त्या दिवशी बोलले. आठवडाभर रोज नीट पाहून राह्यलो, म्हणाले. लाल एक थेंब नाही. सगळं काळं-जांभळं. रोग धुपून चालला.

जांभळं रिचवणाऱ्या माणसाला दुसरं काय दिसणार? गडद जांभळ्यावर लाल पडलं तर ते लाल दिसत नाही. हे सांगायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. लाल साडीच्या सोबत निळं भिजवलेल्या कोणत्याही बाईला ते कळेल. मी तसंच सांगितलं. म्हटलं, "बाबा, रक्त थांबलं नाही, झाकलं गेलं. चार दिवस जांभूळ बंद करा आणि मग बघा."

"चालू औषध बंद करून कोनी पाह्यते काय?"

"मग तपासायला देऊ. डबीत घालून मी स्वतः नेते. रक्त असलं तर लॅबमध्ये कळतं."

"माह्यी घाण घेऊन तू बाजारातून जाशीन?" त्यांचा आवाज चढला. मग चढला तसाच उतरला. "बेटा, उभी हयात मी रंग पाहून पोट भरलं. वरचा कापूस पाहून कधी प्रत देल्ली नाही. अन् तू मले सांगून राह्यली का मले लाल दिसत नाही?"

मी भांडले. ओरडले, भांडं आपटलं, वर्गात मुलांना सांगते तसं खडूनं फरशीवर काढून दाखवलं. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हात जोडले. माझ्या आईनं, मला. "जेवून राह्यले, झोपून राह्यले. दोन दिवस सुखाचे आले तं तुले पाह्यवत नाही काय?"

मी हात टेकले. आणि हेही लिहायला हवं की ते दिवस खरोखर सुखाचे होते. बाबांची भूक सुधारली होती. ते चौकापर्यंत फिरून यायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला जांभळी जीभ काढून दाखवायचे. आई गाणं गुणगुणत भाजी चिरायची. सकाळी त्यांना हसताना बघून माझंही मन डळमळायचं. असेल बाई, म्हणायचे मी स्वतःला, बशीत होतं तर इथेही होत असेल. मग ते उभे राहायचे आणि पायजम्याची नाडी कालच्यापेक्षा आणखी आवळून बांधलेली दिसायची.

पाऊस जोरात लागला आणि जांभळं संपली. कोलाम बाई यायची थांबली. मी डोळ्यात तेल घालून वाट बघत होते. आता खरं काय ते दिसेलच, म्हणत होते. रोज सकाळी आई विचारायची आणि बाबा रोज सांगायचे, "काही नाही, साफ." त्यांच्या आवाजात कुठेही खोट नव्हती. ऑपरेशनचं काढलं की म्हणायचे, "महालक्ष्म्या होऊ दे, मंग तू म्हणशीन तिथं येतो." एवढं तरी कबूल केलं म्हणून मी गप्प बसले.

महालक्ष्म्या आल्या. बाबांनी डाळिंबी कद नेसला, ते रेशमी सोवळं फक्त त्या दिवसासाठी काढलं जायचं. सकाळपासून दुपारपर्यंत पाटावर बसले. घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते, पण एक मंत्र गाळला नाही. आरतीला उठताना मला हाक मारली आणि माझ्या खांद्यावर भार दिला. पंगती उठल्या, गल्ली जेवून गेली. येणारा प्रत्येक जण म्हणाला की या वर्षीची पूजा फार साग्रसंगीत झाली.

दुसऱ्या दिवशी आई विहिरीपाशी कद धूत होती. तिनं मला बोलावलं. बादलीतलं पाणी लाल झालं होतं.

"याचा रंग तं कधीच गेला नव्हता," ती म्हणाली. बोलता बोलताच तिला कळलं. कद तिच्या हातातून सुटून बादलीत बुडाला आणि ती तिथेच ओल्या दगडावर बसली.

बाबांनी नाकारलं नाही. जांभळं संपली त्याच आठवड्यात लाल पुन्हा दिसायला लागलं होतं, पहिल्यापेक्षा जास्त. "सांगितलं असतं तं तुम्ही पूजा करू देल्ली असती काय?" एवढंच म्हणाले. मी ज्या माणसावर इतकी चिडले होते, त्याला सगळं दिसत होतं.

विसर्जन झालं आणि त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात अर्धे रोगी आमच्याच भागातले होते. कोणी फवारणी करता करता पडलेला, कोणी विषाची बाटली तोंडाला लावलेला. त्यांच्या बायका जिन्यात बसून असायच्या आणि कोणत्या गावच्या म्हणून आम्हाला विचारायच्या. बाबांच्या खाटेसमोरचा माणूस एका पहाटे गेला. बाबांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जन अपेक्षेपेक्षा फार लवकर बाहेर आला. मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेला. पोट उघडलं, म्हणाला. सगळीकडे पसरलं आहे, यकृतावर, पोटाच्या पडद्यावर. काढण्यासारखं काही राहिलं नाही. आतडं अजून तुंबलेलं नाही, म्हणून काही न करता शिवून टाकलं. घरी न्या, खायला मागतील ते द्या.

मी विचारलं, उन्हाळ्यातच केलं असतं तर? त्यानं खांदे उडवले. कदाचित तेव्हाही पसरलेलं असेल, कदाचित नसेल, आता सांगता येत नाही. चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. पण त्या दोन "कदाचित"च्या मधोमध मी आजवर उभी आहे आणि मला कोणत्याही बाजूला जाता येत नाही.

आईला मी अजून काही सांगितलं नव्हतं. ती खाटेशी बसून बाबांचे पाय चोळत होती. बाबा गुंगीतून हळूहळू बाहेर आले. पाणी मागितलं, मी ओठांना ओला कापूस लावला. मग त्यांचा उजवा हात चादरीखाली सरकला. पोटावरून डावीकडे गेला, थांबला, चाचपला, उजवीकडे आला, परत डावीकडे गेला. नुसती पट्टी होती. सपाट.

"पिशवी?" त्यांनी विचारलं.

"नाही लावली, बाबा."

"नाही?"

"गरज पडली नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की शेजारच्या खाटेशी बसलेली बाईही वळून बघायला लागली. "मी काय म्हणून राह्यलो होतो!" आवाज फुटत नव्हता तरी ते म्हणाले. "गाठ लहान झाली असन. रंगानं काम केलं." मग आईकडे बघून, "पुढच्या वर्षी पूजा मीच करतो, पाह्य."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला मोडवलं नाही. ती उठली, पदर सारखा केला, आणि सगळ्या वॉर्डाला वाटायला पेढे आणते म्हणून भराभर जिना उतरून गेली. मी तिला जाऊ दिलं.